वीतभर उरलेलं पाणी

१

मिस्तरींनी झाकण उचललं आणि ते हातात धरून तसेच उभे राहिले. मुलाम्याच्या रसायनानं भरलेल्या बाथशेजारी उभा जन्म काढलेला माणूस असा खांबासारखा उभा राहिलेला पाहून वहिनी धावत आल्या. त्या चौथऱ्यावर चढल्या आणि टाकीत डोकावल्या.

धुण्याची टाकी रिकामी होती. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी काठापर्यंत भरत आणून, झाकणं लावून ठेवलेली टाकी. आता तळाशी जेमतेम वीतभर पिवळं पाणी उरलं होतं, आणि या भानगडीशी आपला काही संबंधच नाही इतकं ते शांत होतं.

शेड क्रोमच्या मुलाम्याची. नळांच्या मुठी, दारांच्या कड्या, सायकलींची हँडलं इथं मळकट यायची आणि आरशासारखी होऊन जायची. चकाकतं ते सगळं सोनं नसतं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण ती चकाकी आणताना मागं काय घाण उरते ते फार थोड्यांना माहीत असतं. बाथमधून काढलेल्या प्रत्येक नगाला चिकटून थोडं रसायन बाहेर येतं. पूर्वी ते धुऊन गटारात जायचं. पुढं गटारावर बंदी आली, तेव्हा त्याचा चिखलासारखा गाळ करून टँकरवाल्याच्या स्वाधीन करायची पद्धत पडली. तो गाळ तो कुठं नेऊन ओततो हे विचारायचं नाही, ही त्या पद्धतीतली पहिली अट.

मग मालकांच्या घरात रसायनशास्त्र शिकलेली सून आली. धाकटा दीर वहिनी म्हणायचा म्हणून सगळी शेडच तिला वहिनी म्हणू लागली, आणि वहिनींनी शेडचं वळणच बदललं. माल बाथमधून काढला की बाथवरच निथळू द्यायचा, थेंब थांबेपर्यंत हलवायचा नाही. पहिलं धुणं वेगळ्या टाकीत साठवायचं आणि गरम बाथ आटलं की त्यातच परत घालायचं. म्हणजे रसायनही वाया जात नाही आणि गाळही होत नाही. जमिनीवर एक शिंतोडा पडता कामा नये. गटाराचं तोंड तर त्यांनी उभं राहून सिमेंटनं बंद करून घेतलं होतं. आता इथून बाहेर एक थेंब जात नाही, असं त्या चारचौघांत मान वर करून सांगायच्या. थेंब कसला, आज टाकीच्या टाकी गेली होती.

त्या पाण्यात क्रोम होतं. बाथइतकं दाट नसलं, तरी पेलाभर पोटात गेलं तर धडधाकट माणसाची मूत्रपिंडं निकामी करील इतकं. आणि ते या क्षणी कुठंतरी होतं. ओढ्यात, विहिरीत, कुणाच्या तरी घागरीत. वहिनींना सगळ्यात आधी हे सुचलं आणि मग दुसरं काही सुचेना.

फरशी कोरडी ठणठणीत होती. टाकीला भोक नव्हतं. तोवर अण्णा, म्हणजे त्यांचे सासरे, गेटपासून तणतणत आले. गेट सताड उघडं, पहारेकऱ्याच्या खोलीला कुलूप, नवरा-बायको दोघंही गायब. अण्णांच्या मते तपास तिथंच संपला होता. चोर पळाला, आता पोलिसांत नाव द्यायचं.

"अण्णा, कुणी नेलं ते मागाहून बघू," वहिनी म्हणाल्या. "गेलं कुठं, ते आधी बघू या. कुणी प्यायलं तर?"

अण्णा खालच्या आवाजात म्हणाले की हे बाहेर कुणाला सांगायचं नाही. विष सुटलंय म्हणून बोभाटा झाला की शेडला टाळं लागेल, आणि इतक्या घरांची चूल विझेल. आधी चोर हातात येऊ दे. चोर सापडला की पाणीही सापडेल.

त्यांचंही खोटं नव्हतं, म्हणूनच वहिनींना जास्त भीती वाटली. नवरा माल पोचवायला परगावी गेलेला, त्यामुळं पाठीशी उभं राहणारंही कुणी नव्हतं. त्या कोपऱ्यातल्या बुजवलेल्या गटारापाशी गेल्या आणि गुडघ्यांवर बसल्या. सिमेंटवर छिन्नीचे घाव होते, आणि घावांतला चुरा अजून पांढराशुभ्र होता.

२

घाव वरवरचे होते. वहिनींनी नखानं, मग खिळ्यानं टोकरून पाहिलं. खाली सिमेंट सलग, कुठंही फट नाही. कुणीतरी गटार उघडायला बसलं होतं आणि कंटाळून उठलं होतं. म्हणजे पाणी इथून गेलं नाही. पण ते घालवावं अशी इच्छा असलेला माणूस शेडमध्ये येऊन गेला होता.

ओढ्याकडे पाठवलेली दोन माणसं धापा टाकत परत आली. पाणी नितळ, मासे जिवंत. वहिनींना बरं वाटायला हवं होतं, पण उलट जीव आणखीनच टांगणीला लागला. ओढ्यात असतं तर निदान कुठं आहे ते कळलं असतं.

टँकरवाल्याचं आवार रस्त्यापलीकडं होतं. त्याच्याइतकं कारण दुसऱ्या कुणाला नव्हतं. वहिनींनी गाळ कमी केला आणि त्याच्या फेऱ्या आटल्या. रस्त्यात दिसला तरी तो मान फिरवायचा. त्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा तो टँकरखालून पाय बाहेर काढून पडला होता. टँकरची दोन्ही मागची चाकं काढून भिंतीला टेकवलेली, आणि चाकांवर कोळ्यांनी निवांत संसार थाटलेला. ही गाडी काल कुठं गेली नव्हती हे सांगायला साक्षीदार नको होता.

तरी वहिनींनी विचारलंच. तो बाहेर आला, हात पुसले आणि सगळं ऐकून घेतलं. टाकीत किती उरलंय, एवढाच उलटा प्रश्न त्यानं केला. वीतभर, म्हटल्यावर तो हसला.

"वहिनी, माझा पाइप तळाला टेकतो. मी नेलं असतं तर टाकी पुसल्यासारखी झाली असती. आणि बादलीनं उपसणारा माणूस टाकी तिरकी करतो, खरवडतो, चार ठिकाणी सांडतो. वीतभर पाणी सारखं ठेवून कुणी जात नाही."

हे वहिनींच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं. चोर चोरी अर्धवट का सोडेल? घाबरला म्हणून सोडली, तर झाकणं नीट लावून कसा गेला? झाकणावर, काठावर, फरशीवर एक पिवळा डाग नाही. जणू टाकीनं स्वतःच एक लांब घोट घेतला होता.

त्या वळल्या तेव्हा टँकरवाला मागून म्हणाला की त्याच्यावर संशय घ्यायचा तर खुशाल घ्यावा, पण काल त्याच्याकडून छिन्नी-हातोडा मागून कुणी नेला तेही विचारून घ्यावं. आधी त्यानं नाव सांगायला आढेवेढे घेतले. मग म्हणाला, "तुमच्याच घरात आहे. जेवायला बसलात की समोरच्या पाटावर असतो."

३

धाकटा दीर शेडमागं मोटारसायकल पुसत होता. चकचकीत गाडी पुन्हापुन्हा पुसणाऱ्या माणसाच्या मनात काहीतरी मळलेलं असतं. वहिनींनी सिमेंटचं नाव काढताच त्याच्या हातातलं फडकं थांबलं.

नाकारायचा प्रयत्न त्यानं केला, पण तो बिचारा खोटं बोलण्यात कच्चा. मोठी ऑर्डर आलेली, आणि वहिनींच्या निथळण्या-धुण्याच्या सोवळ्यात माल वेळेवर निघेना. गटार उघडलं की धुणं वाहतं करता येईल, काम झपाट्यानं उरकेल, मग पुन्हा सिमेंट लावू, असा त्याचा बेत. सुट्टीच्या दिवशी कुणी नसताना तो आला, दहा-वीस घाव घातले, हाताला फोड आले आणि गेला. टाकीला त्यानं हात लावला नव्हता. झाकण उघडूनही पाहिलं नव्हतं.

"आईशप्पथ वहिनी. गटार फोडायला आलो होतो हे कबूल. पण ते फुटलंच नाही ना."

वहिनींना त्याच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या, आणि त्याच वेळी त्याच्यावर विश्वासही बसला. घाव तेवढेच होते आणि त्याच्या तळहातावरचे फोड खरे होते. त्यांनी त्याला काल इथं जे जे दिसलं ते सगळं सांगायला लावलं, कितीही क्षुल्लक असलं तरी.

त्यानं आठवून आठवून सांगितलं. हाताला लागलं म्हणून तो शेडमधल्या नळावर धुवायला गेला. रस्त्याच्या कामामुळं पाणी बंद होतं हे त्याला ठाऊक नव्हतं. नळ सोडला तर थेंब नाही. उलट नळ आतून हवा ओढत होता. गंमत म्हणून तोंडाशी बोट धरलं तर ते आत खेचल्यासारखं चिकटलं. मग नळ बंद करून तो गेटकडं गेला, तर तिथं पहारेकऱ्याच्या बायकोच्या नळाला धो धो पाणी, आणि मागच्या चाळीतल्या बायकांची रांग लागलेली. सगळ्या भागाचे नळ कोरडे आणि हिचा एकटीचा चालू, म्हणून ती अगदी मालकिणीच्या थाटात ज्याच्या त्याच्या घागरी भरून देत होती. त्याला स्वतःला हात धुवायला पाणी मागायची लाज वाटली, कारण कुठून आलास असं तिनं विचारलं असतं.

वहिनींना यात काहीतरी खटकलं, पण नेमकं काय ते हाताला लागेना. तेवढ्यात शेडमधून अण्णांचा चढलेला आवाज आला, आणि त्या तिकडं धावल्या.

अण्णा आता मिस्तरींना फैलावर घेत होते. शेवटी टाकीपाशी कोण होतं? मिस्तरी. नव्या नियमांवर रोज कुरकुर कुणाची? मिस्तरींची. पहारेकरी कुणाच्या ओळखीनं लागला? तेही मिस्तरींच्याच. अण्णांच्या एका हातात फोन होता आणि पोलिसांना दोन नावं द्यायची की एक, एवढंच ठरायचं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तशातला प्रकार. फरक इतकाच की इथं चोर कोण हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

मिस्तरींचा चेहरा राखेसारखा झाला होता. ते अण्णांशी बोलतच नव्हते, वहिनींकडं बघून बोलत होते. कुरकुर केली, हो केली. पण सांगितलेलं एक काम टाळलं का? आदल्या संध्याकाळी टाकीत आणखी चांगलं पाणी सोडलं. टाकी काठाला थोडी कमी असतानाच नळाचं पाणी गेलं, म्हणून तशीच ठेवली. झाकणं लावली. नळीसुद्धा वहिनींनी सांगितलं होतं तशीच ठेवली होती.

"नळीचं काय सांगितलं होतं मी?" वहिनींनी विचारलं.

ते उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच नळीनंच तोंड उघडलं. टाकीच्या काठावरून आत सोडलेली रबरी नळी सापासारखी हलली, खोकली, आणि तिच्या तोंडातून पाण्याचा झोत सुटला. रस्त्यावरचं काम संपून नळाला पाणी आलं होतं. म्हणजे इथला नळ सगळा वेळ उघडाच होता.

वहिनी वाकून बघत होत्या. शहराच्या नळातून, स्वच्छ पाण्याच्या पाइपातून आलेला तो पहिला झोत पिवळाजर्द होता.

४

"नळ बंद करा!" वहिनी ओरडल्या, आणि मिस्तरींनी धावत जाऊन चावी फिरवली.

मग त्या टाकीच्या काठावरून वाकून नळीचं टोक निरखू लागल्या. उलगडा इतका सरळ होता की अंगावर काटा आला. नळीच्या टोकाला मिस्तरींनी विटेचा तुकडा बांधला होता, नळी उसळून बाहेर येऊ नये म्हणून. वीट तळाला टेकलेली, आणि नळीचं तोंड तिच्यावर, तळापासून बरोबर वीतभर उंच.

"वीतभर पाणी कुणी ठेवलं नाही," त्या म्हणाल्या. "ते नळीला पोचलं नाही म्हणून उरलं. पाणी नळीनं वर ओढून नेलं, अण्णा. उलटं."

अण्णांना कळेना. वहिनींनी एका दमात सांगितलं. शेड उंचावर, पहारेकऱ्याची खोली उताराला खाली, आणि दोन्हींचा पाइप एकच. रस्त्यावर पाणी तोडलं आणि पाइप रिकामा पडला. इकडं नळ उघडा, नळी टाकीत बुडालेली. तिकडं खाली त्या बाईनं नळ सोडला, आणि तोंडानं ओढून नळीनं पिंप रिकामं करतात तशी आपली टाकी तिच्या नळातून रिकामी झाली. म्हणून काल शेडमधल्या नळानं भावजींचं बोट ओढलं. म्हणून सगळ्यांचे नळ कोरडे आणि तिचा वाहता. म्हणून फरशीवर डाग नाही. चोर आलाच नव्हता.

"नळ उघडा का ठेवलात?" अण्णांनी मिस्तरींना विचारलं, पण आवाजातला जोर गेला होता.

"पाणीच नव्हतं. कोरडा नळ बंद काय करायचा?" मिस्तरी म्हणाले. आणि मग अगदी हळू, "आधी नळी वर खिळ्याला टांगलेली असायची. पाणी वरून पडायचं. त्यानं शिंतोडे उडतात म्हणून ती आत बुडवायची ठरली."

कुणी ठरवलं हे ते बोलले नाहीत. नळी खिळ्याला का टांगायची हे त्यांनाही कधी कुणी सांगितलं नव्हतं. आधीपासून टांगत आले म्हणून टांगत होते. शिंतोडे उडू नयेत ही हौस मात्र एकट्या वहिनींची होती. नळी बुडवताना त्या शेजारी उभ्या होत्या आणि आता कसं छान झालं, असं म्हणाल्याही होत्या.

हे सगळं कळायला लागलेला वेळसुद्धा त्यांना गुन्हा वाटला. त्या गेटकडं धावत सुटल्या, मागं दीर. धावता धावता त्यांनी ओरडून अण्णांना सांगितलं की पाणीखात्याला कळवा, लाइन बंद करायला सांगा. अण्णा हातातल्या फोनकडं बघत उभे होते.

चाळीत प्रत्येक दाराशी घागरी, हंडे, बादल्या झाकून ठेवलेल्या होत्या. नळ बंद राहून आला की गढूळ पिवळं पाणी येतंच, गंज असतो, खाली बसला की वापरायचं, हे तिथल्या पोरासोरांनाही माहीत. त्या समजुतीमुळंच बायकांनी ते पाणी घरात घेतलं होतं, आणि त्याच समजुतीनं आतापर्यंत त्यांना वाचवलं होतं. पिण्याचं पाणी बहुतेकींनी आधीच भरून ठेवलेलं होतं. एकीनं कपडे धुतले होते. दोरीवरच्या चादरीला पिवळे ओघळ आले होते आणि तिचे हात चुरचुरत होते. पलीकडच्या दारात एक म्हातारी घागरीतून वरवरचं निवळ पाणी पेल्यात घेत होती, आणि नात हात पुढं करून उभी होती. वहिनींनी तो पेला झडप घालून काढून घेतला. म्हातारीनं त्यांना वेड लागलं असावं अशा नजरेनं पाहिलं.

"ओतू नका, सांडू नका, कुणीही तोंडाला लावू नका," त्या दारोदार सांगत सुटल्या. "हे आमच्या शेडमधलं विष आहे. जसंच्या तसं परत घेऊन चला. कुणाच्या पोटात गेलं असेल तर आत्ता सांगा."

बायका चिडल्या. रांगेत उभं राहून, कंबर मोडून भरलेलं पाणी परत चढणीवर वाहून न्यायचं? एकीनं स्पष्टच विचारलं की विष तुमचं तर हमाली आमची का. तिचं बरोबरच होतं. वहिनींनी पदर खोचला आणि तिचीच घागर आधी उचलली, शेडमधली माणसं धावत आली, आणि मग एकामागून एक भांडी चौथऱ्यावर चढून टाकीत रिकामी होऊ लागली. पिवळं पाणी इंचाइंचानं वर येत होतं. वहिनी मनातल्या मनात ते मोजत होत्या आणि जेवढं परत येत नव्हतं तेवढ्याची भीती बाळगत होत्या.

सगळ्यांची भांडी आली. फक्त जिनं ती भरून दिली तिची राहिली. पहारेकऱ्याच्या खोलीच्या खिडकीतून आतलं भरलेलं पिंप दिसत होतं. त्याच्या शेजारी चुलीवर चहाचं पातेलं, आणि जमिनीवर कुणीतरी घाईनं टाकलेली राख. ओकारी झाकायला टाकतात तशी.

"ती दोघं पळाली नाहीत हो," म्हातारी मागून म्हणाली. "तिला ओकाऱ्या थांबेनात. पहाटे त्यानं हातगाडीवर घालून दवाखान्यात नेलं. उघडं गेट कुणाला सांगून जाणार?"

५

दीरानं मोटारसायकल काढली आणि वहिनींना घेऊन दवाखाना गाठला. दाराशी त्यानं वहिनींचा हात धरला. तो म्हणाला, डॉक्टरांना रसायनाचं नाव सांग, उपचार होऊ दे, त्याला कोण नको म्हणतंय. पण ते कुठून आलं, कसं आलं, ते कशाला? इतक्या माणसांचं पोट आहे शेडवर. तो वाईट नव्हता, घाबरला होता. वहिनीही घाबरल्या होत्या, आणि जिना चढेपर्यंत त्यांनाही ते पटण्यासारखं वाटत होतं.

पहारेकरी व्हरांड्यात भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. मालकीणबाईंना पाहून तो धडपडत उठला आणि हात जोडून आधी गेटचंच बोलला. गेट उघडं टाकून आलो, चूक झाली, पगार कापा पण काढू नका. ज्या माणसाचं नाव तासाभरापूर्वी चोर म्हणून पोलिसांत जाणार होतं, तो माफी मागत होता. वहिनींना त्याच्याकडं बघवेना.

आतून डॉक्टरीणबाई आल्या. रात्र जागलेल्या, केस विस्कटलेले. शिळंपाकं खाल्लंय असं धरून सलाइन चालू होतं, पण ते जुळत नव्हतं. पोटात आग आहे, आणि पहाटेपासून लघवी झालेली नाही. वहिनींनी क्रोमचं नाव सांगितलं. किती दाट असेल, किती पातळ झालं असेल, काय रंगाचं होतं, सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला. त्यांनी आत हाका मारल्या, फोन उचलला, मोठ्या हॉस्पिटलात मूत्रपिंडांसाठी यंत्र तयार ठेवायला सांगितलं, आणि फोन कानाला धरूनच विचारलं की हे तिच्या पोटात गेलं कसं.

दीर दारात उभा होता. वहिनींनी उत्तराआधी एकदा त्याच्याकडं पाहिलं. तेवढ्यात पहारेकरी बोलला.

"माझ्या हातनं गेलं, बाई. दिवसभर पाणी भरून ती दमली होती, म्हणून संध्याकाळी चहा मी केला. मी चहा पीत नाही. ती म्हणाली, तुरट लागतोय. मी म्हटलं, आयता मिळतोय तर नावं ठेवू नकोस, पी मुकाट्यानं. आणि मग दुसरा कपही मीच दिला." तो कपाळावर मूठ मारत होता, जोरात नव्हे, पण थांबतही नव्हता. "साखरेत काही पडलं असेल. मी बघितलं नाही. मीच घातलं तिला."

वहिनींनी त्याची मूठ धरली.

"साखरेत काही नव्हतं. चहात दोष नव्हता," त्या म्हणाल्या. "पाणी आमच्या टाकीतलं होतं. टाकीतली नळी पाण्यात बुडवून ठेवा असं मी सांगितलं होतं, त्या नळीतून ते तुमच्या नळाला आलं. तुम्ही काही केलं नाही. मी केलं."

दीरानं डोळे मिटले. डॉक्टरीणबाईंनी फोनवर हात ठेवला. पहारेकरी वहिनींकडं बघत राहिला. त्यातलं त्याला किती कळलं कोण जाणे. पण चहाचा दोष नव्हता एवढं कळलं असावं, कारण त्याची मूठ सैल पडली. मग तो तोंडावर हात घेऊन पहिल्यांदाच रडला, आणि ते रडणं वहिनींना जन्मभर ऐकावं लागणार होतं.

मोठ्या हॉस्पिटलात न्यायची गाडी आली. पहारेकऱ्याच्या बायकोला स्ट्रेचरवरून खाली नेताना वहिनी शेजारून चालत होत्या. तिचे ओठ फुटले होते, आवाज आत गेला होता, तरी तिनं वहिनींना ओळखलं आणि काहीतरी पुटपुटली. वहिनी वाकल्या.

"बायकांना सांगा," ती म्हणत होती. "पाणी मी दिलंय. पिऊ नका म्हणावं."

"कुणी प्यायलं नाही," वहिनी म्हणाल्या. "सगळ्यांचं परत आणलं."

तिनं डोळे मिटले. दीर मागून पुटपुटला की अण्णांचा फोन होता. पाणीखात्याला त्यांनी स्वतः सगळं सांगितलंय, माणसं शेडवर पोचलीत, टाळं घेऊनच आलीत. वहिनींनी मान हलवली. पुढचं त्या काही ऐकत नव्हत्या, कारण त्यांचं लक्ष गाडीच्या अजून उघड्या असलेल्या दाराकडं होतं.

आत एकाच माणसाला बसायची परवानगी होती आणि पहारेकरी चढून बसलाही होता. तो बायकोच्या पायांशी बसून वहिनींकडं पाहत होता, राग आहे की नाही ते कळू न देता. मग तो खाली उतरला.

"तुम्ही बसा," तो म्हणाला. "तिथले डॉक्टर विचारतील, तर मला काय सांगता येणार? मी येतो मागून."

वहिनी चढल्या. दार लागलं. मागच्या काचेतून तो गाडीमागं पळत येताना दिसत होता, आणि कोपऱ्यावर वळण आलं तरी तो थांबला नव्हता.